मॉस्कोचा डाव

लंकावहिनींनी मला दारातच अडवलं. हात पिठाचे होते आणि आत दफेदार खोकत होता, म्हणून त्या अगदी हळू बोलल्या.

"भावजी, तुमी हरा."

"कशात?"

"त्या तुमच्या खेळात. काय पन करा, पन एवढा डाव संपवा. सीमानं पुन्याला दवाखान्यात खाट मिळवलीय. डाक्टर म्हनतो, छातीतली नळी बुजत चाललीय, दुसरा झटका आला तर मानूस हाताला लागायचा न्हाई. आन् हे म्हनत्यात, मांडलेला डाव टाकून मी जायचा न्हाई."

"बघतो, वहिनी."

"बघतो नगा म्हनू. हरा."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.

दफेदार म्हणजे राधाकृष्ण. रणगाड्यांच्या पलटणीत उभी हयात काढून तो दफेदार म्हणून पेन्शनीवर आला, भिंगारला घर केलं, आणि तेव्हापासून सगळी आळी त्याला दफेदारच म्हणायची. मी मागच्या गल्लीत राहायचो. नागापूरच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत ओतकाम करायचो. सुट्टीचा दिवस उगवला की माझी पावलं त्याच्या घराकडे वळायची, ती त्या खेळासाठी.

खेळ त्याच्याकडे एका साहेबाकडून आला होता. साहेब परदेशात शिकायला गेला होता, तिथून त्याने तो खोका आणला. पुढे त्याची बदली झाली आणि सामान आवरताना खोका दफेदाराकडे राहिला तो राहिलाच. झाकणावर बर्फात रुतलेले रणगाडे आणि कानाला फडकी बांधलेले शिपाई. रंग उडालेला, कोपऱ्यांना काळी चिकटपट्टी. आत रशियाचा नकाशा, त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं. आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या. एक सोंगटी म्हणजे एक फौज. राखाडी त्या जर्मनांच्या, तांबड्या त्या रशियाच्या. काही हरवल्या होत्या, त्यांच्या जागी आम्ही लग्नपत्रिका कापून केल्या होत्या. माझ्या एका रणगाड्याच्या पाठीवर अर्धा गणपती होता.

मी खेळायला लागलो तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पण सोंगटीवर दोनच आकडे असतात. एक तिची ताकद, दुसरा ती किती घरं चालेल तो. आकडे मला पगाराच्या पाकिटाने शिकवले होते. अक्षरं पुढे साक्षरतेच्या वर्गात आली. तोवर मॉस्को घ्यायला जाऊन मी कितीतरी वेळा मेलो होतो.

मी नेहमी जर्मन व्हायचो. आणि नेहमी हरायचो. त्याचं कारणही दफेदारानेच मला एकदा सांगितलं होतं. खेळ पावसाळ्याच्या शेवटाला सुरू होतो. नकाशाच्या कडेला एक पट्टी आहे, तिच्यावर एकेक पंधरवडा पुढे सरकतो, आणि दर पंधरवड्याला फासा टाकून हवा ठरते. आधी चिखल. चिखल मला कळायचा. काळ्या रानात पाऊस झाला की बैलगाडी आसापर्यंत रुतते, तिथे रणगाड्याचं काय. मी चिखलात शहाण्यासारखा गप बसायचो. पण चिखल संपला, जमीन टणक झाली, की माझे हात शिवशिवायचे. आमच्याकडे पाऊस उघडला, दसरा झाला, की माणूस बाहेर पडतो. पूर्वीची सैन्यंसुद्धा दसऱ्यालाच सीमोल्लंघन करायची. पुढचे चार महिने कामाचे, चालायचे, लढायचे. हिवाळा म्हणजे चांगला काळ हे माझ्या हाडात होतं. आणि त्या नकाशावर हिवाळा म्हणजे मरण होतं. दफेदार मागे सरत राहायचा, मी पुढे धावत राहायचो, माझी रसद मागे पडायची, आणि मॉस्कोच्या वेशीवर बर्फात माझ्या सोंगट्या एकेक करून उचलल्या जायच्या.

"रंभाजी, तुला दसरा नडतो," तो म्हणायचा.

त्या दिवशी तो वेताच्या खुर्चीत शाल पांघरून बसला होता. समोर पलटणीतल्या दोन काळ्या ट्रंका, त्यांच्यावर प्लायवूड, त्यावर नकाशा. मच्छरदाणीचं फाडलेलं जाळं बाजूला घडी करून ठेवलेलं. आम्ही उठलो की वहिनी त्यावर ते पसरायच्या.

"जय भीम," तो म्हणाला.

"राम राम," मी म्हणालो. ही आमची जुनी थट्टा. तो माझा नमस्कार मला घालायचा, मी त्याचा त्याला.

पण त्याचा आवाज खोल गेला होता आणि चेहरा चुलीतल्या राखेसारखा. मी बसलो. चिखल नुकताच संपला होता आणि पाळी माझी होती.

मी जास्त विचार केला नाही. मधल्या फळीतले सगळे रणगाडे उचलले आणि सरळ मॉस्कोच्या तोंडावर नेऊन ठेवले. मागे रसदीची वाट सताड उघडी टाकली. शाळकरी पोरसुद्धा असं खेळलं नसतं. त्याने दोन्ही बाजूंनी दोन सोंगट्या आणल्या असत्या की माझी अर्धी फौज वेढ्यात, आणि डाव तिथेच संपला असता.

दफेदाराने सोंगट्यांकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे वहिनींची सावली होती, ती हलली.

"उचल," तो म्हणाला.

"काय?"

"त्या सोंगट्या उचल आन् जिथल्या तिथं ठेव."

"ठेवलेली सोंगटी उचलायची न्हाई, असा आपला नेम हाय."

"नेम खेळनाऱ्याला. तू खेळतोयस का? तुला हिनं शिकवून पाठवलंय."

त्याने खिशातून डबी काढली, एक बारकी गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले. गोळी विरघळल्यावर तो बोलला.

"माझा बाप मोठ्या दवाखान्यात स्वतःच्या पायानं चालत गेला हुता. नव्या करकरीत वहाणा घालून. त्या वहाणा आमाला पिशवीत घालून दिल्या. मी भीत न्हाई आसं म्हनत न्हाई. भितो. पन फुकटात जिंकून मी जायचा न्हाई. फुकटच्या डावानं डाव संपत न्हाई, नुसता मोडतो. आन् माझी आई सांगायची, मांडलेला पट मोडला तर दोघातला एक जन जगातनं उठून जातो."

"आसं काय नसतं, दफेदार."

"तुझ्यात नसंल. माझ्यात हाय." त्याने डोळे उघडले. "तुमच्या पंचशीलात खोटं बोलायचं न्हाई, ते कितवं?"

"चौथं."

"त्याची आन घे. खरं खेळशील म्हनून."

"त्याची आन घेत नसत्यात. ते पाळायचं असतं."

"मग पाळ."

मी सोंगट्या उचलल्या आणि जिथल्या तिथे ठेवल्या. इतक्या वर्षांत ठेवलेली सोंगटी आम्ही पहिल्यांदाच मागे घेतली. मग मी म्हणालो, आज माझं डोकं चालत नाही, उद्या खेळतो. बाहेर पडताना वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी नाही म्हणून मान हलवली. हातातलं लाटणं त्यांनी जरा जोराने आपटलं.

रात्रभर मला तो नकाशाच दिसत होता. हरून डाव संपवायचा रस्ता त्याने बंद केला होता. खरं खेळून मी मॉस्कोवर गेलो तर तो नेहमीसारखा मागे सरणार. एकेका चालीला दोन दोन दिवस घेणार, मागच्या खेपेला घेतलेच होते. चाल सुचत नव्हती म्हणून नव्हे. पाळी त्याची असली की डाव चालू राहायचा, आणि डाव चालू असला की पुणं लांब राहायचं. तो नकाशावर मागे सरत होता आणि घरातही मागे सरत होता. आणि मागे सरायला त्याला माझीच मदत होती. मी पुढे जायचो म्हणून तो मागे सरू शकायचा.

मी पुढे गेलोच नाही तर?

हे मला पहाटे सुचलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. पट्टी संपेल तेव्हा मॉस्कोभोवतालची गावं ज्याच्या हातात, डाव त्याचा. मी चिखलाआधीच त्यांतली बरीच घेतली होती. मी तिथेच बसलो, घरं शाकारली, रसद जवळ ठेवली, तर ती गावं परत घ्यायला त्यालाच बर्फात बाहेर यावं लागलं असतं. नाहीतर काही न करता डाव माझा. इतक्या वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं. आणि खरं सांगतो, त्या पहाटे दफेदाराच्या छातीइतकाच मला माझा विजयही दिसत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर रजा टाकली, दुपारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "माझी चाल झाली."

"कुठं झाली? काय हलवलंस?"

"काय न्हाई. थांबलो."

दफेदार नकाशावर वाकला. "जमीन टनक झालीय, रंभाजी. दसरा झाला."

"यंदा दसरा घरीच करायचा ठरवलाय."

तो हसला, पण फार वेळ नाही. त्याने आपली सगळी राखीव फौज मॉस्कोच्या मागे ठेवली होती, माझी वाट पाहत. आता वाट पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी तो बसून राहिला, मग म्हणाला, "बघू उद्या." मी रोज गेलो. पाळी आली की मी एखादी सोंगटी इकडची तिकडे करायचो आणि "झाली" म्हणायचो. पट्टीवरचा पंधरवडा सरकत होता. हवेचा फासा दर वेळी थंडीच दाखवत होता. बर्फ पडला, मग कडाक्याची थंडी लागली. इकडे भिंगारलाही पौषातली थंडी होती, सकाळी लोक टायर जाळून शेकत बसायचे. दफेदाराची डबी आता खिशात नव्हती, नकाशाच्या कडेला उघडीच ठेवलेली असायची.

त्याला सुटका नव्हती हे त्याला माझ्याआधी कळलं असणार. तो हलला तरी डाव संपणार होता आणि न हलला तरी संपणार होता. फक्त पाळी त्याची असताना तो खुर्चीत बसून राहू शकत होता, आणि तेच तो करत होता. शेवटून दुसऱ्या पंधरवड्यावर येऊन सगळं अडलं. दोन दिवस त्याने सोंगटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करताना तो मोरीत बसला तो त्याला उठता येईना. वहिनींनी शेजाऱ्यांकडून पुण्याला फोन केला.

सीमा दुपारी भाड्याची ट्रॅक्स गाडी घेऊनच आली. दफेदाराची एकुलती मुलगी, पुण्यात शाळेत शिकवते. तिने बापाकडे पाहिलं, ट्रंकांवरच्या नकाशाकडे पाहिलं आणि पर्स खाली ठेवली.

"दादा, आत्ता निघायचं."

"डाव हाय."

"डाव?" ती ट्रंकांपाशी आली. तिचा हात नकाशाच्या कडेवर होता. एक झटका दिला असता तर सगळा रशिया फरशीवर आला असता. वहिनी दारात होत्या, त्या पुढे झाल्या नाहीत. मलाही वाटलं, ओढ पोरी, सुटू दे सगळ्यांना.

"हात लावू नको," दफेदार म्हणाला. मोठ्याने नाही. पण त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो खुर्चीतून अर्धा उठला होता. सीमाने हात काढला.

"काका, तुम्ही तरी सांगा," ती माझ्याकडे वळली. "किती वेळ लागतो याला?"

"चाल केली तर घडीभर. न्हाई केली तर लई."

तिने स्टूल ओढलं आणि नकाशासमोर बापाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. "मग करा चाल. मी बसलेय. अंधार पडला तरी बसेन. पण झाली की सकाळी निघायचं. पुन्हा कारण सांगायचं नाही."

दफेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बसून राह्यलास तरी डाव माझा हाय, दफेदार. पयल्यांदा."

हे ऐकून त्याच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. त्याने शाल मागे टाकली. नकाशावर तो इतका वाकला की त्याचा श्वास सोंगट्यांवर यायला लागला. सीमाची नजर त्याच्यावर, माझी त्याच्या हातावर. त्याचं बोट मॉस्कोपाशी गेलं, तिथून डावीकडे, मग वर. वर उत्तरेला व्होल्गा नदी आहे. तिच्या अलीकडे माझी बाजू, आणि तिथे मी एकच सोंगटी ठेवली होती, ती अर्ध्या गणपतीची. नदी असताना जास्त कशाला ठेवायची? नदीनेच राखण केली असती.

"मागच्या पाळीला तुझी चाल झाली हुती ना, नक्की?" त्याने विचारलं.

"झाली हुती."

"काय राह्यलं न्हाई?"

"न्हाई. कर तुझी."

त्याने मॉस्कोच्या मागची राखीव फौज उचलली. एकेक सोंगटी वर नेली, कडेकडेने, सावकाश, आणि व्होल्गावर आणून थेट पलीकडून अलीकडे सरकवली.

"आरं, नदी हाय तिथं," मी म्हणालो.

"गोठलीय."

मी पट्टीकडे पाहिलं. कडाक्याची थंडी. कडाक्याच्या थंडीत नदीचा नेम सुटतो, तिच्यावरून माणूस जातो, घोडा जातो, तोफ जाते. हे त्याने मला खेळ शिकवताना सांगितलं होतं. पण मी त्या पंधरवड्यापर्यंत कधी जिवंत राहिलोच नव्हतो. दर वेळी तोवर माझी फौज मॉस्कोसमोर गाडलेली असायची. नेम कानावर होता, हाताखालून कधी गेला नव्हता. आमच्या पारनेरकडच्या हंगा नदीतून लोक चालत पलीकडे जातात, ते तिच्यात पाणी नसतं म्हणून. पाणी आहे आणि त्याच्यावरून फौज चाललीय, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"फासा टाक," मी म्हणालो.

एक पडला तर माझी सोंगटी टिकणार होती. बाकी काहीही पडलं तरी ती उचलली जाणार होती. आणि ती गेली की मागे रसदीच्या रस्त्यापर्यंत मोकळं रान होतं. दफेदाराने फासा मुठीत धरला. सीमाने त्याच्या मनगटाखाली आपला हात धरला, पण लावला नाही. फासा ट्रंकेच्या कडेवर आपटला, फिरला आणि थांबला. चार.

त्याने गणपती उचलून माझ्यासमोर ठेवला. मग फौज खाली आणली आणि माझी रसद तोडली. पुढची पाळी माझी होती, पण रसद तुटलेली सोंगटी हलत नाही, त्यामुळे करण्यासारखं काही नव्हतं. उत्तरेकडची सगळी फळी वेढ्यात. मॉस्कोभोवतालची गावं एकामागून एक त्याची.

"संपला ना?" सीमाने विचारलं.

दफेदार माझ्याकडे बघत होता, आणि ते बघणं मला आवडलं नाही.

"मुद्दाम केलंस," तो म्हणाला.

"काय मुद्दाम?"

"तिथं एकच सोंगटी ठेवलीस. मी दोनदा विचारलं तुला. तू मला नदी मोकळी ठेवलीस, पुन्याला धाडायला." तो मागे टेकला. शाल पुन्हा अंगावर घेतली. "हा डाव न्हाई धरायचा."

वहिनींनी दारातून "अगं बाई" म्हटलं आणि खाली बसल्या. सीमा माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे म्हणत होते, काहीतरी बोला. मी काय बोलणार होतो? एकदा मी त्याला फसवायला गेलो होतो, आणि आता खरं खेळलो होतो तर ते खऱ्यासारखं दिसत नव्हतं. माणूस इतका मूर्ख असू शकतो हे सिद्ध कसं करायचं?

आणि मग मला राग आला. आजवर मी त्याच्यावर असा कधी रागावलो नव्हतो.

"धरू नगं," मी म्हणालो. "नगंच धरू. माझं तरी काय हाय? मी काय तुझ्यासाठी हरलोय व्हय? मला तुझं पुनं नगं आन् तुझी छाती नगं. मी जिंकत हुतो. उमर गेली तुझ्याकडनं मार खाऊन, आन् आज एक दिवस माझा हुता. हे बघ."

माझ्या मधल्या फळीत तीन सोंगट्यांची एक चवड होती. खालच्या सोंगट्या दिसू नयेत म्हणून वर पायदळाची किरकोळ सोंगटी ठेवली होती. ती मी उडवून लावली. खाली दोन रणगाडे होते, माझे सगळ्यांत मोठे, पूर्ण ताकदीचे, रसदीच्या रस्त्यावर, मॉस्कोपासून दोन घरांवर.

"शेवटच्या पंधरवड्याला हे आत घालनार हुतो. तुझी राखीव फौज कुठंतरी गुतली की. पहाटेचा उठून हेच मोजत बसायचो मी. नदी गोठती हे माझ्या ध्यानातच न्हाई राह्यलं. आमी बर्फ बघितला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. त्याच्यावरनं रणगाडा जातो हे मला काय ठावं? तू उद्या मर न्हाईतर जग, दफेदार, पन मी मुद्दाम हरलो म्हनू नगंस."

बोलून गेलो आणि मग ऐकलं, आपण काय बोललो ते. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. सीमा पांढरी पडली होती.

दफेदार पुढे वाकला. त्याने ते दोन रणगाडे उचलून पाहिले, त्यांच्यावरचे आकडे पाहिले, घरं मोजली. एकदा माझ्या तोंडाकडे बघून घेतलं. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं, ते मी पुसलं नाही.

"हा खरं बोलतोय," तो सीमाला म्हणाला. "हे आत आले आसते तर मी गेलो हुतो." मग तो हसायला लागला. हसता हसता त्याने छातीवर हात धरला आणि सीमाने पटकन डबी उघडली. गोळी जिभेखाली धरूनच तो बोबडं बोलला, "गोळेवाल्याच्या गाडीवर, म्हनं."

"संपला का डाव, दादा?" सीमाने पुन्हा विचारलं.

"संपला."

"सकाळी निघायचं?"

त्याने मान डोलावली. हसणं विरलं होतं आणि खाली जी भीती होती ती आता उघडी पडली होती. तिच्यावर पांघरायला काही उरलं नव्हतं.

हरणाऱ्याने डाव आवरायचा, असा आमचा नेम. मी सोंगट्या गोळा करायला लागलो, तांबड्या एकीकडे, राखाडी एकीकडे. दफेदार बघत होता. मी झाकण लावून उठल्यावर त्याने त्या मोकळ्या प्लायवूडवरून हात फिरवला. घरी जाताना मला तोच हात दिसत राहिला.

सकाळी उजाडायच्या आतच मी पुन्हा गेलो. वहिनींचं डबे भरणं चाललं होतं. सीमा ड्रायव्हरला चहा देत होती. मी कोणाला काही विचारलं नाही. खोका काढला, नकाशा पसरला आणि सोंगट्या मांडल्या. पण या वेळी उलट. तांबड्या माझ्याकडे. राखाडी त्याच्या खुर्चीपुढे.

दफेदार बाहेर आला तो स्वेटर आणि माकडटोपी घालून, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून. पायात जुन्या स्लिपर होत्या. मी त्या पाहिल्या, आणि मी पाहिल्या हे त्याने पाहिलं. ट्रंकांपाशी तो थांबला.

"हे काय?"

"मांडलाय."

"आरं, मी आता कुठं चाललोय?"

"ठावं हाय. तू येस्तवर पट मोडायचा न्हाई, मांडलेलाच ठेवतो. पयली चाल जर्मनांची आस्ती. यंदा तू."

तो उभाच राहिला. दारात सीमा घड्याळ बघत होती, पण तिने हाक मारली नाही. वहिनींना कळलं तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या हाताला हलकेच पुढे केलं.

दफेदाराने नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला. बराच वेळ लावला. मग वाकून त्याने राखाड्यांतला अर्धा गणपती उचलला आणि तीन घरं पुढे ठेवला, चिखल सुरू व्हायच्या आधीच्या कोरड्या रस्त्यावर.

"टाक तुझी," तो म्हणाला.

"आल्यावर."

"आल्यावर?"

"मला विचार करायला येळ लागतो. तूच शिकवलंस."

माकडटोपीतून त्याचे फक्त डोळे दिसत होते. मग तो वळला आणि पायऱ्या उतरून ट्रॅक्सपाशी गेला. चढताना ड्रायव्हरने हात दिला तो त्याने घेतला नाही.

वहिनी मागून कुलूप लावायला आल्या. त्यांनी नकाशावर मच्छरदाणीचं जाळं पसरलं, चारही कोपरे नीट केले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"दिवसाआड येऊन धूळ बघा, भावजी. पन हात लावू नगा."

मी जायचो. जाळं उचलायचो, फुंकर घालायचो, पुन्हा पसरायचो. पाळी माझी होती. तांबड्या सोंगट्या जिथल्या तिथे होत्या.